धाकट्याचं गार मशीन

१

थोरलीचा राग नाकावर असतो, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. लॅपटॉप दुरुस्तीच्या तिच्या दुकानावर चांगली मोठी पाटी होती, पण शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना "त्या कुकरकडे जा" असंच सांगायचे. शिटी झाली की वाफ अंगावर येणार, म्हणून कुकर. हे तिच्या कानावर आलं होतं आणि त्याचाही तिला राग होता. पण हात असा होता, की बोलणी खाऊनही माणसं तिच्याकडेच परत यायची.

तसं तिला रागवायला कारण लागत नसे. तरी एक कारण कायमचं होतं, ते म्हणजे धाकटा भाऊ. तो आईजवळ राहायचा. 'मी आईला सांभाळतो' असं चारचौघांत सांगायचा. प्रत्यक्षात पस्तिशीच्या त्या घोड्याला आईच सांभाळत होती. सकाळचा चहा ती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची, गार झालेला परत आणून गरम करायची आणि पुन्हा नेऊन ठेवायची. हा कानांवर हेडफोन चढवून स्क्रीनसमोर बसलेला. मान वर करायची नाही, की साधं 'हं' म्हणायचं नाही.

काम म्हणाल तर त्याचं काम बरं होतं. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींच्या खोल्या तो स्क्रीनवर उभ्या करायचा. खिडकीतून आत येणारं ऊन, जमिनीवरची सावली, पडद्याची चुणी, सगळं हुबेहूब; आपणच त्या खोल्यांतून फिरतोय असं वाटायचं. एका बिल्डरच्या ऑफिसने त्याला पक्क्या नोकरीची आशा लावून ठेवली होती. अख्ख्या टॉवरचं काम वेळेत दिलं की नोकरी पक्की. आणि ऐन वेळी त्याचा लॅपटॉप दगा द्यायचा. काम सुरू केलं की पंखा घसा फोडून ओरडायचा, कीबोर्डवर बोटं भाजायची आणि मग स्क्रीन काळी ठिक्कर पडायची.

"ताई, प्रोसेसर बदलून दे ना," तो फोनवर म्हणाला. "सगळ्यात ताकदीचा बसव."

"तुझ्या त्या डबड्यात? मोठा बैल जुंपलास तर वैरणही मोठी लागते. त्याची गरमी कुठे घालणार आहेस?"

"ते तू बघ. त्यातलं तुलाच कळतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन ठेवला, आणि तरीही सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पेटी उचलून आईच्या घरी गेली. याला नोकरी लागली तर हा आपलं वेगळं बिऱ्हाड करील आणि आई सुटेल, एवढी एकच आशा तिला होती.

२

हल्लीच्या लॅपटॉपांत प्रोसेसर बोर्डावर कायमचा डकवलेला असतो, तो बदलता येत नाही. धाकट्याचा मात्र जुना, जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर करणारा. त्यात प्रोसेसर खाचेत बसवलेला होता आणि एक स्क्रू अर्धा फिरवला की सुटत होता. थोरलीने त्याच जातीचा पण वरच्या ताकदीचा प्रोसेसर मिळवून आणला होता. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून, खिडकीचं ऊन पाठीवर घेत ती कामाला बसली.

आईचं घर म्हणजे ओळीने तीन खोल्या, पुढच्या खोलीला लागून स्वयंपाकघर आणि बाल्कनी. पुढे हे टेबल, मध्ये धाकट्याची खोली, शेवटी आईची. धाकट्याचं टेबल आणि आईचा पलंग एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेले. आई नेहमीसारखी स्वेटर घालून समोर बसली होती. बाराही महिने तिला थंडी वाजायची. कुणी छतावरचा पंखा लावला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

नवा प्रोसेसर बसला. आता हीटसिंक. तांब्याची चपटी नळी, तिच्या टोकाला ब्लेडसारख्या पातळ पात्यांची जाळी आणि जाळीमागे पंखा. नळी प्रोसेसरची गरमी उचलते आणि पंखा ती जाळीतून बाहेर फेकतो. प्रोसेसर आणि नळी यांच्यामध्ये करड्या रंगाची पेस्ट लावतात, म्हणजे दोघांत हवा राहत नाही. ही पेस्ट एकदा लावली की तिला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही, केस जरी पडला तरी सगळी पुसून नव्याने लावायची, हा धंद्यातला पहिला धडा. थोरलीने तो कित्येकांना दम देऊन शिकवला होता.

ट्यूबमधली उरलीसुरली पेस्ट पिळून तिने प्रोसेसरवर लावली. पंख्याची वायर आखूड होती. ती खाचेत खुपसताना कुणीतरी हीटसिंक वरच्यावर धरायला हवी होती.

"अरे ए! इकडे ये, हे धर!" ती ओरडली.

धाकटा बाल्कनीत फोनवर होता. त्याने नुसता हात हलवला.

"बघ, बघ त्याला! त्याचंच मशीन, त्याचीच नोकरी, आणि हा तिकडे हवा खातोय!"

"असू दे गं. ऑफिसचा फोन असेल," आई उठली. "मी धरते की. कुठे धरू?"

"धर जरा इथे. सांभाळून, पाती धारदार आहेत," थोरली म्हणाली, पण तिची नजर बाल्कनीकडे होती आणि पुढची वाक्यं धाकट्यासाठी होती. ती बरीच होती आणि सगळी मोठ्याने होती. त्या गडबडीत आईचं बोट पात्यांवरून सरकलं. आई "स्स" एवढंच म्हणाली. रक्ताचा एक टपोरा थेंब बरोबर पेस्टवर पडला.

पुसायला हवं होतं. थोरलीला ते कळत होतं. पण ट्यूब संपली होती, आणि नेमकं तेव्हाच बाल्कनीतून आलं, "झालं का गं? किती वेळ?"

"झालं!" ती खेकसली. हीटसिंक तशीच खाली दाबली आणि स्क्रू आवळून टाकले. एवढ्याशा थेंबाने काय आभाळ कोसळतंय, असं तिला वाटलं. मग तिने आईच्या बोटाला पट्टी बांधली, आणि ती बांधतानाही धाकट्याला शिव्या देत होती.

३

"ताई, तू जादूगार आहेस!" दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. स्वतःहून केलेला. "दुपारपासून पूर्ण जोरात चालवतोय आणि पंखा वाजतसुद्धा नाही."

थोरलीला बरं वाटलं. तिने समोरच्या गिऱ्हाइकालाही, तो विचारत नसताना, ही गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पंखाच फिरत नाही तर गरमी जाते कुठून? तिला हे काम शिकवणारा म्हातारा उस्ताद म्हणायचा, गरमी मरत नाही पोरी, घर बदलते. सेन्सर बिघडला असणार. आपल्याला गार वाटतंय आणि आत प्रोसेसर भाजून निघतोय, असं झालं तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार.

ती पिस्तुलासारखा तापमापक घेऊन गेली. दुकानात ती तो बोर्डावर रोखायची, बटण दाबलं की आकडा दिसायचा. धाकट्याच्या स्क्रीनवर टॉवरची एकेक रिकामी खोली तयार होत होती. तिने तापमापक लॅपटॉपच्या पोटावर रोखला. मग पाठीवर. मग समोरच्या भिंतीवर, खात्री करायला. मशीन भिंतीपेक्षा गार होतं.

"हे होऊच शकत नाही," ती म्हणाली.

"होतंय ना पण," धाकटा म्हणाला. "तुला स्वतःचं कौतुकही नीट करून घेता येत नाही."

तिने तळहात टेकवला. सकाळच्या सावलीतली फरशी असावी तसं लागलं. जिथून गरम हवा बाहेर पडायची त्या झरोक्याच्या कडेला बारीक पाणी साचलं होतं. तिने ते बोटाने पुसलं, आणि बघता बघता ते पुन्हा साचलं. वातावरणात दमटपणा आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तापमापकच बिघडला असेल, असंही ठरवलं. दोन्ही कारणं एकदम खरी असायची गरज नव्हती, पण तिने दोन्ही ठेवून घेतली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिच्या अंगात स्वेटर नव्हता. बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या, गाल लाल, आणि कपाळावरचे केस घामाने चिकटलेले.

"आज फारच उकडतंय, नाही?" आई म्हणाली.

खिडकी उघडी होती आणि बाहेरून चांगला बोचरा वारा येत होता. थोरलीने शाल गुंडाळलेली होती.

४

ताप यायला लागला तो असा. सकाळी आई ठणठणीत, भाजी निवडतेय, शेजारणीशी बोलतेय. दुपारनंतर अंग असं तापायचं की हात लावला तर मागे घ्यावा लागे. संध्याकाळी कधी उतरायचा, कधी नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, पुन्हा रक्त तपासलं.

"सगळं व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाले. "इन्फेक्शन कुठेच दिसत नाही."

"मग ताप काय हौस म्हणून येतोय?" थोरली म्हणाली.

"अहो, चिडू नका. कधीकधी कारण लवकर सापडत नाही. पाणी भरपूर द्या, अंग पुसत राहा."

"एवढंच सांगायला तुम्ही शिकलात?"

आईने तिचा हात दाबला आणि डॉक्टरांकडे बघून ओशाळवाणं हसली. मुलांच्या वतीने माफी मागायची आईला सवयच होती.

घरी आल्यावर थोरलीने आईच्या बोटाची पट्टी बदलायला घेतली. कापलेली जागा भरायला हवी होती एव्हाना. ती भरली नव्हती. रक्तही येत नव्हतं. चीर तशीच उघडी होती, आणि आत करडा रंग चकाकत होता. थोरलीने ओल्या कापसाने पुसलं. मग साबणाने. मग आपल्या पेटीतलं स्पिरिट काढलं, ज्याने बोर्डावरची कसलीही पेस्ट निघते. रंग निघाला नाही.

"पेस्ट लागली असेल त्या दिवशी," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजाने तिला जरा धीर आला.

"असेल," आई म्हणाली. "दुखत नाही गं. फक्त गरम वाटतं तिथे."

५

त्या दुपारी थोरली दुकानात गेलीच नाही. ती आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. भिंतीपलीकडे धाकटा होता. आधी त्याच्या माऊसचा आवाज येत होता, टिक, टिक, थांबून पुन्हा टिक. आई डोळे मिटून पडली होती आणि तिचा श्वास संथ होता.

मग पलीकडची खुर्ची करकरली. एकच टिक झाली आणि धाकटा उठून स्वयंपाकघराकडे गेला. काम मशीनवर सोपवून गेला, हे थोरलीने ओळखलं. आता ते तासन्‌तास आपलं आपण चालणार.

आईचा श्वास बदलला.

तापलेल्या माणसाचा श्वास हळूहळू वाढतो. हा तसा वाढला नाही. एका ठरलेल्या वेगावर गेला आणि तिथे स्थिर झाला. थोड्या वेळाने पुन्हा एक पायरी वर चढला आणि स्थिर झाला. मग आणखी एक पायरी. थोरलीचं अर्धं आयुष्य हा आवाज ऐकण्यात गेलं होतं. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, कुठल्या मशीनचा पंखा कुठल्या वेगावर आहे ते ती सांगू शकायची. वर चढणारा, थांबणारा, पुन्हा चढणारा, मध्येच किंचित घरघरणारा तो आवाज आता आईच्या उघड्या तोंडातून येत होता. आणि भिंतीपलीकडच्या मशीनमधून कसलाच आवाज येत नव्हता.

तिने आईच्या कपाळावर तळहात ठेवला. त्वचेतून झळ येत होती.

मी शिकलेली बाई आहे, ती मनात म्हणाली. मला तारांतून काय वाहतं ते कळतं. भिंतीतून, रक्तातून असलं काही वाहत नाही.

ती उठली, पलीकडच्या खोलीत गेली आणि धाकट्याला न विचारता तिने त्याचं काम थांबवलं. परत आली तेव्हा आई शांत श्वास घेत होती. कपाळावर घाम फुटला होता. तिने पुन्हा जाऊन काम सुरू केलं. ती पलंगापर्यंत पोचायच्या आत आई पहिली पायरी चढली होती. पुन्हा जाऊन थांबवायचं तिच्या लक्षात यायच्या आधी दुसरी.

६

"माझ्या कामाला हात कुणी लावला?" धाकटा दारात उभा होता. हातात पाण्याचा जग आणि नॅपकिन.

"मी लावला. ते मशीन बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"ताई, निम्मा टॉवर व्हायचाय अजून."

"अरे, आईला बघ! तू ते सुरू केलंस की हिला ताप चढतो. बंद केलंस की उतरतो. मी वेडी नाही. आता करून बघितलंय."

तो हसेल, असं तिला वाटलं होतं. तुझं डोकं फिरलंय म्हणेल, निदान 'काय?' तरी म्हणेल. त्याने नुसता जग खाली ठेवला, नॅपकिन पाण्यात बुडवून पिळला, घडी करून आईच्या कपाळावर ठेवला. हाताला सवय असावी तसा. आणि मगच थोरलीला दिसलं, की पलंगाखाली पाण्याने भरलेली बादली आहे, उशाशी कोरड्या नॅपकिनांची चळत आहे, आणि तापाच्या गोळ्यांचं पाकीट जवळपास रिकामं आहे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला काही माहीत नाही. योगायोग असेल. पण मी काळजी घेतो ना. जड काम लावायच्या आधी गोळी देतो. मध्ये मध्ये येऊन अंग पुसतो. आता थोडंच राहिलंय."

थोरलीने पायाने बादली बाहेर ओढली. या माणसाने आजवर आईसाठी साधा पाण्याचा पेला भरला नव्हता. आता बादली भरून ठेवली होती, आणि ती कशासाठी?

"आई, ऐकलंस हे?"

आईने डोळे उघडले. "ओरडू नकोस गं. मला कळतं तो कामाला बसला की." तिने छातीच्या खाली हात ठेवला. "इथे सुरू होतं. सोसतं मला. लागू दे त्याला नोकरी."

तेव्हा थोरलीला जो राग आला तो आजवरच्या सगळ्या रागांचा बाप होता. धाकट्याचा राग होताच. आईचाही आला, जन्मभर 'असू दे, असू दे' करत स्वतःला सरपणासारखं लावत आलेल्या बाईचा. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात कडू असा, स्वतःचा होता. तो थेंब तिने पुसला नव्हता.

७

तिने मशीन बंद केलं आणि काखेत मारून पुढच्या खोलीत आणलं. धाकटा मागून ओरडत आला. "हात लावलास तर बघ," एवढंच ती म्हणाली, आणि तो दारापाशीच थबकला. मग बडबडत बाल्कनीत गेला आणि ऑफिसला फोन लावून गोड आवाजात बोलायला लागला.

मागचं झाकण उघडलं. पंख्यावर धूळ नव्हती. तो बसवल्यापासून फिरलाच नव्हता. तिने हीटसिंकचे स्क्रू सैल केले, एकदम एक नाही, तिरके, थोडे थोडे, शिकवल्याप्रमाणे. नळी उचलली. ती सहज सुटली नाही. जखमेवर सुकलेली पट्टी ओढावी तशी चिकटून, ताणून, मग सुटली.

आतून आई कण्हली.

पेस्ट करडी राहिली नव्हती. सुकलीही नव्हती. ती ओली, मऊ, गुलाबीसर झाली होती आणि तिच्यावर केसाहून बारीक लाल रेघा पसरलेल्या होत्या, पानावर असतात तशा, मोठीतून छोट्या फुटत गेलेल्या. हे मशीन बंद होतं. वायर काढलेली होती. थोरलीने वाकून बघितलं. मधली जागा किंचित वर येत होती आणि खाली जात होती.

तिने फार वेळ बघितलं नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घेतला आणि एका कडेला टेकवला.

"अगं आई गं! झोंबतंय," पलीकडून आवाज आला. "कोण पुसतंय?"

"मी आहे, आई. मीच. थोडंच सोस."

तिने पुसलं. आई ओरडत होती आणि ती पुसत होती. कापूस लाल होत होता, ती दुसरा घेत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी प्रोसेसर आरशासारखा स्वच्छ झाला. मग तांब्याची नळी. मग सगळं शांत झालं.

ती धावत आत गेली. आई उठून बसली होती. बोटातून रक्त वाहत होतं, लालभडक, आत्ताच कापल्यासारखं. तिने ते तोंडात धरलं होतं.

"माझा स्वेटर दे गं," आई म्हणाली. "गारठलेय."

थोरलीने तिला स्वेटर घातला, शाल गुंडाळली, बोटाला पट्टी बांधली. कपाळावर हात ठेवला, पुन्हा ठेवला. कपाळ कपाळासारखं होतं. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आईने तिच्या केसांतून हात फिरवला. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

८

"झालं तुझं?" बाहेरून धाकटा.

थोरली पुढच्या खोलीत आली. धाकटा टेबलाजवळ उभा होता, उघड्या मशीनकडे बघत. लाल झालेल्या कापसाच्या बोळ्यांकडेही त्याने बघितलं, पण ते काय आहे असं विचारलं नाही.

"आता जोड पटकन. मी त्यांना शब्द दिलाय."

"नवी पेस्ट आणलीय. साधी लावून देते," थोरली म्हणाली. "गरम होईल, पंखा वाजेल. सावकाश चालव. काम उशिरा जाईल."

"उशिरा? उशीर झाला तर ते दुसऱ्याला देतील. नाही, मला ते आधीसारखंच पाहिजे. तेव्हा तू जे काही केलं होतंस ते कर."

"आणि आई?"

त्याने खांदे उडवले. आवाज मात्र खाली आणला. "तिने स्वतः सांगितलं ना, सोसतं म्हणून? आयुष्यात एकदा माझं काहीतरी होतंय ताई. तुला बघवत नाही का? काय असेल ते असो. पण मशीन गार राहिलं पाहिजे."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी हा पडला की आई आधी जमिनीला मारायची, मग याला जवळ घ्यायची. जमीन बिचारी मार खायची आणि हा हसायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. याचं कधी काही जळलंच नव्हतं.

तिला ओरडायचं होतं. शब्दही होते, जन्मभर साठवलेले. पण ते वर आलेच नाहीत. काहीतरी खूप खाली जाऊन निवलं.

"बरं," ती म्हणाली. "आधीसारखंच बसवते."

तिने आत जाऊन आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं. पेटीतून नवी ट्यूब काढली. प्रोसेसरच्या बरोबर मध्ये मोत्याएवढी करडी पेस्ट पिळली आणि पातळ पसरवली. फार सुंदर, सारखी लागली होती. मग हीटसिंक उचलली, वायर हातात घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "इकडे ये. मला तिसरा हात लागतो. हे वरच्यावर धर."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला कशाला हवं? धरायचं फक्त. आईनेही धरलं होतं."

तो वैतागून पुढे आला. फोन खिशात टाकला. "कुठे धरू?"

"इथे. जाळीला."

त्याने धरलं. "हे टोचतंय गं."

"टोचू दे. सैल धरलंस तर निसटेल."

बंद दाराआडून आईचा आवाज आला, ऊब मिळालेला, झोपाळलेला. "मोठे, ओरडू नकोस गं त्याच्यावर."

"नाही ओरडत, आई," थोरली म्हणाली. आणि खरंच, तिचा आवाज इतका शांत होता की धाकट्याने चमकून तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्याच्या बोटांवर होती, आणि त्यांच्या खाली वाट बघत असलेल्या स्वच्छ करड्या पेस्टवर.

"घट्ट धर," तिने सांगितलं. "अजून घट्ट."